पांढऱ्या बर्फावरची काळी वस्ती

हिमनदीवरचे काळे ठिपके म्हणजे नुसती घाण नाही, ती जिवाणूंची गावं आहेत. ही गावं आपल्याला नीट कळण्याआधीच वितळून वाहून जातायत.

हिमालयातल्या ट्रेकचे फोटो पोस्ट करण्याआधी तुम्ही एक काम हमखास करता. बर्फ जरा मळका दिसला की ब्राइटनेस वाढवता, फारच काळपट भाग असेल तर क्रॉप करून टाकता. हिमालय म्हणजे कसा, पांढराशुभ्र हवा! कॅलेंडरवर तसाच असतो, सिनेमातल्या गाण्यांत तसाच असतो. पण उन्हाळा संपताना एखाद्या हिमनदीच्या अंगावर चढलेल्या माणसाला विचारा. तिचा खालचा भाग राखाडी, तपकिरी आणि कुठे कुठे चक्क काळा असतो. मध्ये मध्ये पाण्याने भरलेली गोल भोकं दिसतात, कुणीतरी ड्रिल मशीनने पाडल्यासारखी. वाकून बघितलं तर तळाशी काळसर गाळ असतो. आपण त्याला ‘कचरा’ म्हणतो आणि पुढे चालू पडतो.

आता त्यातला चिमूटभर गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. त्यात धुळीचे कण असतात, काजळी असते. त्याशिवाय हिरवट धाग्यांचं जाळं असतं, त्याला चिकटलेले असंख्य जिवाणू असतात, अधूनमधून पाण्यातले इवलेसे प्राणीही दिसतात. म्हणजे शून्य अंशाच्या आसपास, जिथे आपण तीन जॅकेट घालूनही कुडकुडतो, तिथे एक अख्खी वस्ती निवांत नांदत असते.

राजगिऱ्याएवढं गाव

या काळ्या गाळाला शास्त्रज्ञ ‘क्रायोकोनाइट’ म्हणतात. ग्रीक भाषेत क्रायोस म्हणजे थंडी आणि कोनिस म्हणजे धूळ. थोडक्यात, थंडगार धूळ. हे नाव ठेवलं अडॉल्फ एरिक नॉर्डेनशॉल्ड या स्वीडिश संशोधकाने. 1870 साली ग्रीनलंडच्या बर्फावर फिरताना त्याला ही भुकटी दिसली. त्याच्यासोबतच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती तपासली, तर तिच्यात सूक्ष्म जीव निघाले. ही काळी धूळ बर्फ वितळवत असणार, हेही नॉर्डेनशॉल्डच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी हा शब्द आज पहिल्यांदाच ऐकला असेल.

ही वस्ती उभी कशी राहते? वारा धूळ घेऊन येतो. त्या धुळीबरोबर जिवाणूही येतात, त्यांना तिकीट लागत नाही. बर्फावर सगळ्यात आधी बस्तान बसवतात ते सायनोबॅक्टेरिया, ज्यांना आपण शाळेत ‘नील-हरित शेवाळ’ म्हणून ओळखायचो. नावात शेवाळ असलं तरी ते जिवाणूच आहेत. पावसाळ्यात तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जो हिरवा-काळा बुळबुळीत थर धरतो आणि ज्याच्यावरून कुणी ना कुणी घसरतंच, त्यातही त्यांचे भाऊबंद असतात. सूर्यप्रकाश, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एवढ्यावर ते आपलं अन्न स्वतः तयार करतात.

हे जिवाणू धाग्यांसारखे वाढतात आणि अंगातून एक चिकट पदार्थ सोडतात. भेंडी चिरताना बोटांना जे लागतं ना, साधारण तसाच. त्या चिकटपणाला धुळीचे कण लागत जातात, धागे त्यांना गुंडाळत जातात, आणि राजगिऱ्याच्या दाण्याएवढी काळपट गोळी तयार होते. ही गोळी म्हणजेच गाव. बाहेरच्या बाजूला उन्हात बसून अन्न तयार करणारे, आत त्या अन्नाच्या उरल्यासुरल्यावर जगणारे, आणि अगदी गाभ्यात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे त्याच्याशिवाय काम भागवणारे. चीनमधल्या चिई हिमनदीवरच्या अशा गोळ्या कापून पाहिल्या, तेव्हा आत झाडाच्या खोडासारखी एकाभोवती एक वर्तुळं दिसली. म्हणजे ही गावं एका दिवसात वसत नाहीत, ती वर्षानुवर्षं वाढतात.

आता ते भोक कसं पडतं? मे महिन्यात भर दुपारी काळा टी-शर्ट घालून बाहेर पडलात तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. इथेही तेच होतं. काळी गोळी ऊन शोषते, तापते, खालचा बर्फ वितळतो आणि ती खाली उतरते. उतरत उतरत अशा खोलीवर येते, की तिथे पोचणारं ऊन जेमतेम उरतं. मग तिचा वेग मंदावतो. वर पाणी, खाली काळा गाळ, आणि चारही बाजूंनी बर्फाच्या भिंती. पाण्याचं तापमान शून्याच्या किंचित वर. जिवाणूंसाठी हा झाला वन आरके, तोही स्वतःच खणलेला.

थंडीत जगायचं कसं?

थंडीत जगण्याची पहिली अडचण काय, ते हॉस्टेलवर राहणाऱ्यांना पटकन कळेल. जानेवारीत पुण्या-नाशिकला खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, आणि शेजारच्या डब्यातलं करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल मात्र मस्त वाहत असतं. दोन्ही तेलंच, मग फरक कसला? खोबरेलातली मेदाम्लं बहुतांशी संपृक्त असतात, म्हणजे त्यांच्या साखळ्या सरळसोट असतात. त्या एकमेकींना खेटून बसतात आणि तेल थिजतं. करडईच्या तेलातल्या साखळ्यांना मध्येच बाक असतो, त्यामुळे त्या नीट रचल्या जात नाहीत आणि तेल पातळ राहतं.

प्रत्येक जिवाणूच्या पेशीभोवती असंच मेदाचं आवरण असतं. ते थिजलं तर आत-बाहेर काहीच जाऊ-येऊ शकणार नाही आणि पेशी मरेल. म्हणून बर्फावरचे जिवाणू आपल्या आवरणात बाक असलेल्या साखळ्यांचं प्रमाण वाढवतात. म्हणजे आवरणात खोबरेल कमी आणि करडई जास्त!

दुसरी अडचण विकरांची, म्हणजेच एन्झाइम्सची. आपल्या शरीरातली विकरं 37 अंशांना जोमात असतात. थंडीत ती आखडतात. हिमनदीवरच्या जिवाणूंची विकरं मात्र जास्त लवचीक असतात, म्हणून कमी तापमानातही त्यांचं काम चालू राहतं. तिसरी अडचण म्हणजे बर्फाचे स्फटिक. पेशीजवळ टोकदार स्फटिक वाढला तर तो आवरण फाडू शकतो. त्यावर उपाय म्हणून काही जिवाणू अशी प्रथिनं बनवतात, जी स्फटिकाला चिकटतात आणि त्याला मोठं होऊ देत नाहीत. चौथी अडचण म्हणजे ऊन. एवढ्या उंचीवर अतिनील किरणं प्रखर असतात. त्यासाठी अनेक जिवाणू पिवळी, नारिंगी, गुलाबी रंगद्रव्यं बाळगतात. गाजराला केशरी करणारी जी कॅरोटिनॉइड्स असतात, त्यांच्याच कुळातली. प्रयोगशाळेत या जिवाणूंच्या वसाहती वाढवल्या की पेट्री डिशमध्ये रंगपंचमी दिसते, ती यामुळे.

या मंडळींना थंडी नुसती सहन होते असं नाही, खऱ्या शीतप्रेमी जिवाणूंना ती लागतेच. 15 अंश किंवा त्याहून कमी तापमानात ते सगळ्यात छान वाढतात आणि 20 अंशांच्या वर त्यांची वाढ थांबते. आपल्या साध्या फॅनखालच्या खोलीतही त्यांना उष्माघात होईल. काही मात्र दोन्हीकडे जुळवून घेणारे असतात. फ्रिजमध्ये विसरलेलं दूध चार दिवसांनी नासतं, ते अशाच जुळवून घेणाऱ्यांमुळे.

याला हिमनदीवरचा कीटक

नेपाळमध्ये काठमांडूच्या उत्तरेला लांगटांग खोरं आहे. तिथे पाच हजार मीटरपेक्षा उंचावर ‘याला’ नावाची एक छोटी हिमनदी आहे. हिमालयातल्या बर्फावरच्या जीवसृष्टीची मोठी गोष्ट तिच्यावर उलगडली. जपानी संशोधक शिरो कोशिमा यांना तिथे एक कीटक सापडला आणि 1984 साली त्यांनी तो ‘नेचर’ या नियतकालिकातून जगासमोर आणला. पंख खुरटलेला, उडता न येणारा, बर्फावर तुरुतुरु चालणारा हा कीटक उणे 16 अंशांतही हालचाल करतो. आता प्रश्न आला, की हा पठ्ठ्या खातो काय? तिथे ना गवत, ना पान. उत्तर होतं बर्फावरचे सायनोबॅक्टेरिया आणि इतर जिवाणू. म्हणजे बर्फावर एक अन्नसाखळी होती आणि तिच्या पायथ्याशी हे सूक्ष्म जीव होते.

याच हिमनदीवर कोशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक साधा पण जबरदस्त प्रयोग केला. काळा गाळ असलेली जागा आणि तो काढून टाकलेली जागा, दोन्हीकडे बर्फ किती वितळतो ते मोजलं. गाळ असलेल्या जागी वितळण्याचा वेग जवळपास तिप्पट निघाला.

यामागचं गणित सोपं आहे. ताजा भुसभुशीत हिम आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी 80 ते 90 टक्के परत फेकतो. या परत फेकण्याला ‘अल्बेडो’ म्हणतात. मळक्या, काळपट बर्फाचा अल्बेडो निम्म्याहून खाली येतो. उरलेलं ऊन बर्फ शोषतो आणि वितळतो. बर्फ वितळला की पाणी मिळतं, पाणी मिळालं की जिवाणू वाढतात, जिवाणू वाढले की गाळ वाढतो, आणि गाळ वाढला की बर्फ आणखी वितळतो.

मग हिमनद्या वितळण्याचं खापर या जिवाणूंवर फोडायचं का? अजिबात नाही. ते तर माणूस यायच्या आधीपासून तिथे आहेत. हिमनद्या आटण्याचं मूळ कारण तापमानवाढ आहे, आणि ती आपण घडवतोय. त्यात भर म्हणजे डिझेलच्या गाड्या, वीटभट्ट्या, चुली आणि शेतात जाळलेली धाटं यांतून उठणारी काजळी वाऱ्याबरोबर हिमालयात पोचते. जिवाणूंचे चिकट धागे तिलाही धरून ठेवतात. आपण पाठवलेली काजळी ते नाइलाजाने सांभाळतायत. आल्प्समधल्या क्रायोकोनाइटमध्ये तर जुन्या अणुचाचण्या आणि चेर्नोबिलच्या दुर्घटनेतून आलेलं किरणोत्सारी सीझियमही सापडलंय. माणसाने हवेत जे जे सोडलं, त्याची नोंद या काळ्या गोळ्यांत जमा होतेय.

हमटा, पिंडारी आणि आडनावं

आता आपल्या ओळखीच्या वाटांवर येऊ. मनालीजवळचा हमटा, कुमाऊंमधला पिंडारी, सांगाड्यांमुळे गाजलेलं रूपकुंड ही नावं महाराष्ट्रातल्या कॉलेजच्या कोणत्याही ट्रेकिंग ग्रुपला सांगावी लागत नाहीत. पण यातल्या प्रत्येक नावाचा एकेक जिवाणूही आहे किंवा तिथून एखादा जिवाणू जगाला मिळालाय, हे किती जणांना माहीत असतं?

हैदराबादच्या ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी’मधल्या, म्हणजे सीसीएमबीमधल्या डॉ. एस. शिवाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातल्या हिमनद्यांच्या परिसरातून नमुने आणले आणि त्यांतून विज्ञानाला अनोळखी असलेल्या प्रजाती वेगळ्या केल्या. हमटा हिमनदीवरून ‘पेडोबॅक्टर हिमालयेन्सिस’ आणि ‘एक्झिग्वोबॅक्टेरियम इंडिकम’ मिळाले. पिंडारीहून ‘क्रायोबॅक्टेरियम पिंडारिएन्से’, रूपकुंडहून ‘क्रायोबॅक्टेरियम रूपकुंडेन्से’. पिंडारीवरच्याच आणखी एकाचं नाव ‘बॅसिलस सेसेम्बेन्सिस’. ‘सेसेम्ब’ म्हणजे काय, असा प्रश्न पडला ना? ‘सीसीएमबी’ ही अक्षरं सलग वाचून बघा! गावावरून आडनाव पडतं ते फक्त आपल्यातच नाही.

असं नाव देणं म्हणजे नुसतं बारसं नसतं. जिवाणू शुद्ध स्वरूपात वाढवावा लागतो, त्याचे गुणधर्म तपासावे लागतात, जनुकीय क्रम जुळवून तो खरंच वेगळा आहे हे सिद्ध करावं लागतं. वर त्याचे जिवंत नमुने दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावे लागतात, म्हणजे जगात कुणालाही तपासता येईल. असे सूक्ष्मजीव जपून ठेवणारा एक मोठा राष्ट्रीय संग्रह आपल्या पुण्यातच आहे, नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स.

आणि अजून ओळखायचं बाकी किती आहे? 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिबेटच्या पठारावरच्या 21 हिमनद्यांचा बर्फ, हिम आणि क्रायोकोनाइट तपासलं गेलं. त्यातल्या डीएनएवरून सूक्ष्मजीवांच्या 968 संभाव्य प्रजाती समोर आल्या, आणि त्यांतल्या बहुतेक विज्ञानाला नवीन होत्या.

झोंबी वगैरे काही नाही

अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी रील्स सुरू होतात. ‘बर्फातून बाहेर येणार झोंबी जिवाणू!’ पार्श्वभूमीला भीतीदायक म्युझिक. इथे जरा थांबू.

2016 साली सायबेरियाच्या यमाल भागात अँथ्रॅक्सची साथ आली होती, हे खरं. पण ती आली गोठलेल्या जमिनीतून, जिथे आजाराने मेलेली जनावरं पुरली गेली होती असं मानलं जातं. हिमनदीचा पृष्ठभाग ही वेगळीच जागा आहे. तिथले बहुतेक जिवाणू थंडीत, उन्हात आणि अर्धपोटी जगायला सरावलेले असतात. आपलं 37 अंशांचं शरीर त्यांच्यातल्या खऱ्या शीतप्रेमींना भट्टीसारखं आहे. सगळेच निरुपद्रवी आहेत असं मात्र कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. काहींमध्ये प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं सापडली आहेत. म्हणून तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं, आणि त्यासाठी आधी ते माहीत हवेत.

ब्रिटनमधल्या अबरिस्टविथ विद्यापीठाच्या संशोधकांनी उत्तर गोलार्धातल्या हिमनद्यांचं वितळपाणी तपासलं, तेव्हा एका मिलिलीटरमध्ये सरासरी हजारोंच्या संख्येने सूक्ष्मजीव आढळले. पुढच्या 80 वर्षांत एक लाख टनांहून जास्त सूक्ष्मजीव बर्फातून नद्यांमध्ये जातील, असा त्यांचा अंदाज आहे. या हिशेबात आपला हिंदुकुश-हिमालय धरलेलाच नाही. म्हणजे जगातल्या एका सगळ्यात मोठ्या बर्फसाठ्याची, जिच्या खाली कोट्यवधी माणसं राहतात, त्याची बेरीज अजून व्हायची आहे.

एका हिमनदीचा निरोप

आणि इथे घड्याळ आडवं येतं. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या 2011 ते 2020 या दशकात त्याआधीच्या दशकापेक्षा 65 टक्के जास्त वेगाने वितळल्या, असं काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेचा 2023 चा अहवाल सांगतो. उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांचा 80 टक्क्यांपर्यंत बर्फ जाऊ शकतो.

ज्या याला हिमनदीवर तो खुरट्या पंखांचा कीटक सापडला, तिचं काय झालं? 1974 पासून ती 66 टक्क्यांनी आक्रसली आणि 784 मीटर मागे हटली. नेपाळ, भारत, भूतान, चीनमधल्या अनेक तरुण संशोधकांनी हिमनदी मोजायची कशी, ते तिच्या अंगाखांद्यावर शिकलं होतं. मे 2025 मध्ये तीच माणसं तिच्यापाशी जमली. बौद्ध भिक्खूंनी प्रार्थना म्हटल्या, दगडी स्मृतिफलक बसवले गेले. एखाद्या जाणत्या माणसाला निरोप द्यावा, तसा एका हिमनदीला निरोप दिला गेला.

हिमनदी गेली म्हणजे फक्त पाण्याचा साठा गेला, असं नाही. तिच्यावर वसलेली गावं गेली. शून्य अंशाला काम करणारी विकरं गेली, जी गार पाण्यात कपडे धुणाऱ्या पावडरपासून डीएनएच्या प्रयोगांपर्यंत कुठेही उपयोगी पडू शकतात. इटलीतल्या फोर्नी हिमनदीवरच्या क्रायोकोनाइटमधले जिवाणू क्लोरपायरिफॉस नावाचं कीटकनाशक विघटित करतात, असं दिसून आलंय. हे कौशल्य हिमालयातल्या एखाद्या जिवाणूकडेही असेल, कदाचित याहून भारी काहीतरी असेल. पण तो नमुना घेण्याआधीच बर्फ वाहून गेला, तर ते कुणालाच कधी कळणार नाही. वाघ कमी झाले की आपल्याला कळतं, कारण आपण ते मोजले होते. इथे यादीच अर्धी आहे.

तुमच्यासाठी

मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक, जिऑलॉजी, भूगोल, केमिस्ट्री यांपैकी काहीही शिकत असाल, तर या क्षेत्राचं दार तुमच्यासाठी उघडं आहे, आणि त्यातलं एक तर आपल्या शेजारी गोव्यात आहे. वास्कोमधली ‘एनसीपीओआर’ ही ध्रुवीय संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था. समुद्रकिनाऱ्यावरची ही संस्था हिमाचलातल्या चंद्रा नदीच्या खोऱ्यात हिमनद्यांचा अभ्यास करते. चार हजार मीटरपेक्षा उंचावर तिचं ‘हिमांश’ हे केंद्र 2016 मध्ये सुरू झालं. हमटा पास ओलांडून तुम्ही ज्या खोऱ्यात उतरता, तेच हे चंद्राचं खोरं. त्याशिवाय हैदराबादची सीसीएमबी, डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, अल्मोड्याजवळची गोविंद वल्लभ पंत संस्था इथेही हिमालयावर काम चालतं. पीएच.डी.पर्यंत थांबायची गरज नाही. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी किंवा समर इंटर्नशिपसाठी या संस्थांच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा, शिक्षकांना विचारा, सरळ मेल लिहा.

लॅबशी काही देणंघेणं नसेल, फक्त ट्रेकला जायचं असेल, तरी एवढं करता येईल:

* बर्फावरची काळी भोकं काठीने ढवळू नका, त्यात बूट बुडवू नका. ती वस्ती बसायला काही वर्षं लागलेली असतात.
* उरलेलं अन्न, टिश्यू, साबण, काहीही बर्फावर सोडू नका. तुमच्याबरोबर तुमचे जिवाणूही तिथे मुक्कामाला राहतात.
* वितळपाणी दिसायला कितीही नितळ असलं, तरी उकळून किंवा गाळूनच प्या. वरच्या बाजूला जनावरं आणि कॅम्प असतात.
* हौस म्हणून बर्फाचा नमुना बाटलीत भरून आणू नका. खाली येईपर्यंत त्यातले शीतप्रेमी मेलेले असतात आणि तुमच्या बाटलीतलेच वाढलेले असतात.
* हिमनदीच्या तोंडाचा, मळक्या बर्फासकट, एक फोटो तारीख आणि ठिकाणासह ठेवा. क्रॉप न करता, फिल्टर न लावता. दरवर्षी तुमच्या कॉलेजच्या ग्रुपने त्याच जागेवरून तो काढला, तर दहा वर्षांनी येणाऱ्या ज्युनिअरना हिमनदी कुठून कुठे गेली, ते बोट ठेवून दाखवता येईल.